रिपोर्ट नंबर सत्तेचाळीस

मंगळवार, ७ सप्टेंबर १९७१. सकाळी सहा.

जुनी वही संपली. आजपासून नवी, आणि नवे निश्चय. रोज पाचला उठायचं. (आज सहा झाले. वही सापडत नव्हती.) जेवण घरीच बनवायचं. सुहासिनीला दर आठवड्याला सविस्तर पत्र लिहायचं. रेडिओ मंगळवारी आणि शुक्रवारी, फक्त पंधरा मिनिटं, तोही शास्त्रीय कामापुरता.

सुहासिनी म्हणजे आमची मिसेस. जुलैत इथून, जबलपूरहून, नागपूरला गेली, थोरल्या बहिणीच्या, भानुमतीताईंच्या, मोतीबिंदूसाठी. पंधरा दिवसांचं काम होतं. दोन महिने झाले. डोळ्याच्या बाबतीत घाई बरी नव्हे, असं मीच तिला पोस्टकार्डावर कळवलं आहे.

घरात शांतता उत्तम. मी अजिबात कंटाळलेलो नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी पावणेआठ.

रिपोर्ट नंबर ४३ तयार. पुढेमागे ही वही कोणाच्या हाती लागली तर त्याला समजावं म्हणून लिहून ठेवतो. समुद्रापलीकडचं एक ख्रिस्ती स्टेशन शॉर्ट वेव्हवर लागतं. सव्वासातला पंधरा मिनिटं मराठी कार्यक्रम. नाव ‘दोन घटका’. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, हे मी त्यांना तीनदा लिहून कळवलं. विनीताताई म्हणून बाई बोलतात. एखादं भजन, एखादी गोष्ट, श्रोत्यांची पत्रं आणि शेवटी प्रार्थना. मी ख्रिस्ती नाही आणि व्हायचा विचारही नाही. मी फक्त मोजतो.

मोजायचे ते पाच आकडे. आवाजाचा जोर, दुसऱ्या स्टेशनची लुडबुड, खरखर, चढउतार आणि एकंदर. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे काही कळत नाही. आज ४३४३३. हे वेळेसकट लिहून बंगळूरच्या पोस्ट बॉक्सवर पाठवलं की त्यांच्याकडून एक रंगीत कार्ड येतं. एकेचाळीस कार्डं टेबलाच्या काचेखाली आहेत. जागा कमी पडली तेव्हा लग्नाचा फोटो काढून ट्रंकेत ठेवला. ट्रंकेत धूळ लागत नाही.

एक खंत आहे. त्रेचाळीस रिपोर्ट पाठवले, माझं नाव रेडिओवर एकदाही घेतलेलं नाही. पाटनच्या रामकृष्ण नावाच्या कापडवाल्याचं दोनदा घेतलं. त्याने काय लिहिलं होतं, तर ‘कार्यक्रम आवडतो’. बस. याला काय रिपोर्ट म्हणतात?

शुक्रवार, १० सप्टेंबर.

आज हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभर मेंढरं, एक हरवतं, मालक नव्व्याण्णव सोडून त्या एकाला शोधायला रानात जातो. मी इथल्या लष्करी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला आहे, बावीस वर्षं एग्झामिनर. शंभरात एक रिजेक्ट म्हणजे लॉट पास. एकासाठी कोणी उठून जात नाही. विनीताताईंना तसं सविनय कळवलं.

प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटतो. डोळे मिटल्यावर आवाजाचा चढउतार नीट समजतो.

खिचडी केली. २१२१२.

रविवार, १९ सप्टेंबर.

सुहासिनीचं पत्र आलं. तुळशीला पाणी घालता का, डब्यात काय नेता, दूधवाला वेळेवर येतो का. शेवटी लिहिलंय, तुम्ही कसे आहात ते लिहा. हा काय प्रश्न झाला? मी कसा असणार?

सविस्तर पत्र लिहायला बसलो होतो. पण शेजारच्या मिश्राइनने माझ्या एरियलच्या तारेवर चादरी वाळत घातल्या होत्या. तांब्याची तार, चाळीस फूट, पेरूच्या झाडापासून गच्चीपर्यंत. त्यावर ओल्या चादरी! जाऊन सांगितलं. ती म्हणाली, भाभीजी होत्या तेव्हा त्याच स्वतः उतरवून घड्या घालून द्यायच्या, आणि भाभीजी कधी येऊन राहिल्या? मी म्हटलं, बस, आने ही वाली हैं. परत आलो तर मूड गेला होता. पोस्टकार्डावर भागवलं: येथे सर्व क्षेम. ऑगस्टपेक्षा सिग्नल सुधारला. ताईंच्या डोळ्यास जपणे.

मंगळवार, २८ सप्टेंबर.

ओव्हरटाइम सुरू. पूर्वेकडे काहीतरी होणार असं सगळे बोलून राहिले. रोज दोन तास जादा, फक्त मंगळवार-शुक्रवारी मी पोटाचं कारण सांगून सुटतो. माझ्या सेक्शनमधला मोहन साळवे गालातल्या गालात हसतो. हा आमच्यातला एकमेव ख्रिस्ती, घमापूर मोहल्ल्यात राहतो. या स्टेशनचा पत्ता मला यानेच दिला होता. गंमत म्हणजे तो स्वतः महिनोन्‌महिने ऐकत नाही. म्हणतो, सरवटेसाहेब, आमच्या घरी संध्याकाळी एवढी माणसं असतात की रेडिओला जागाच नसते. मला त्याची दया आली.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर. संध्याकाळी आठ.

रेडिओ खाडकन बंद केला. रागाने.

आज विनीताताईंनी नागपूरच्या एका भगिनीचं पत्र वाचलं. नाव घेऊ नका म्हणाली होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. नवरा पीत नाही, मारत नाही, पगार आणून देतो. पण संध्याकाळी हिने तोंड उघडलं की तो नुसता हात वर करतो, की ही गप्प. आपण घरात नाही हे त्याला किती दिवसांनी जाणवतं ते पाहावं म्हणून ती बहिणीकडे जाऊन राहिली आहे. अजून जाणवलेलं नाही. आता तीही हा कार्यक्रम ऐकते, कारण या वेळी तो काय करत असेल तेवढं तिला नक्की माहीत असतं. परत जावं की जाऊ नये, विचारून राहिली.

हात वर करून गप्प करतो! माणूस आहे की कोण? नेमकी त्याच वेळी मिश्राइन वाटीभर भाजी घेऊन दारात आली आणि काहीतरी बोलायला लागली. हात वर करून तिला थांबवलं, नाहीतर अर्धं पत्र गेलं असतं.

आमच्याही लग्नाला अठ्ठावीसच वर्षं झाली, त्यामुळे फरक फार जाणवला. बहिणीकडे जाऊन राहायची हल्ली रीतच पडलेली दिसते. नागपूर मोठं शहर आहे.

शनिवार, ९ ऑक्टोबर.

रिपोर्ट नंबर ४७ पाठवला. आकडे दोन ओळीत उरकले. बाकी चार पानं त्या भगिनीला, विनीताताईंच्या मार्फत. एका बैठकीत लिहिली, खाडाखोड नाही. जेवायचंही लक्षात राहिलं नाही.

मी लिहिलं, बाई, तुम्ही त्याच्याआधी उठत असाल आणि त्याच्यानंतर जेवत असाल. त्याचा चहा गार झाला की न बोलता दुसऱ्यांदा गरम करून देत असाल. डब्यात लिंबाची फोड वेगळ्या कागदात बांधत असाल, पोळी ओली होऊ नये म्हणून, आणि तो कागद त्याने एकदाही पाहिला नसेल. तुमच्या मनात दिवसभरात दहा गोष्टी साचत असतील, त्यातली एक त्याला सांगायची म्हणून तुम्ही संध्याकाळची वाट पाहत असाल. असं माणूस ज्याला मिळालं आणि समजलं नाही, त्याच्याकडे परत जाऊ नका. तुमची योग्यता फार मोठी आहे.

हे सगळं कसं सुचलं कोण जाणे. पेनाला धारच आली. हे तरी वाचतील. वाचायलाच हवं.

सोमवार, १८ ऑक्टोबर. दिवाळी.

फॅक्टरीत सुट्टी. सुहासिनीला कळवलं होतं की लढाईच्या तयारीमुळे रजा बंद आहेत, येणं अशक्य. साळवे म्हणाला, दिवाळीच्या रजा कुठे बंद होत्या? त्याला काय कळतंय. शिवाय नागपूर म्हणजे छोट्या लाइनीने गोंदियापर्यंत अख्खा दिवस, तिथून पुढे दुसरी गाडी. कमरेला सोसत नाही.

स्वतः उटणं लावून स्नान केलं. पाठीला पोचत नाही. फराळाचं बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून विकत आणलं. चिवडा ३२३२३. तरी चलो, कोणाची कटकट नाही. दुपारी तीन तास झोपलो. उठल्यावर घर फार मोठं वाटलं. ते दिवाळीची स्वच्छता केल्यामुळे असेल.

मंगळवार, २ नोव्हेंबर.

त्या भगिनीचं दुसरं पत्र वाचलं. हिने लिहिलंय, नवऱ्याला पाच आकडी मार्क द्यायची सवय आहे. भाजीला देतो, पाहुण्यांना देतो, एकदा ती आजारी असताना तिच्या खोकल्याला दिले. नवऱ्याचं पोस्टकार्ड आलं त्यात सिग्नल सुधारल्याचं लिहिलं होतं.

काय योगायोग पाहा! म्हणजे तो मनुष्यही आमच्याच छंदातला. मनुष्य म्हणून नालायक, पण त्याचा एरियल किती फुटांचा आहे ते विचारायला हवं. उद्या साळवेला सांगतो.

बुधवार, ३ नोव्हेंबर.

साळवेला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, हसत हसत. तो जेवायचा थांबला. मग हळूच म्हणाला, “सरवटेसाहेब, काहून असं करून राहिले? त्या आपल्या वहिनी आहेत.”

मी त्याला चांगलं झापलं. म्हटलं, माझी मिसेस रेडिओला कशाला पत्र लिहील? तिला काही सांगायचं असतं तर मला सांगितलं असतं.

मला राग येऊन दुपारी एक पूर्ण लॉट दोनदा तपासला.

रविवार, ७ नोव्हेंबर.

सुहासिनीची जुनी पत्रं काढून पाहिली. फक्त साळवेचं म्हणणं खोडून काढायला.

ऑगस्टचं एक कार्ड मिळालं. मागच्या बाजूला मी स्टेशनांचे मीटर लिहून ठेवले होते. पुढच्या बाजूला तिने लिहिलंय की ताईंचा डोळा बरा झाला, पट्टी निघाली, तुम्ही म्हणाल तेव्हा येते. तुम्ही म्हणाल तेव्हा येते! ही बाजू मी वाचलीच नव्हती. चक्क वाचलीच नाही.

आणि त्या खोकल्याला मी ३३४३३ दिले होते. मला आठवलं.

साळवेचं खरं निघालं. चहा केला, तो तसाच राहिला.

आता ताबडतोब पत्र लिहायला हवं.

सोमवार, ८ नोव्हेंबर.

लिहिलं. रिपोर्ट नंबर ५२, बंगळूरला. त्यात विनंती केली की माझा रिपोर्ट ४७ वाचू नये, त्यातील मतांत बदल झाला आहे. हे आधी आवश्यक होतं. मूळ दोष काढला की बाकी काम सोपं असतं.

सुहासिनीलाही लिहिणारच आहे. पण तिला लिहायचं ते नीट लिहायला हवं, ओव्हरटाइम करून आल्यावर तसं होत नाही. येता रविवार पक्का.

रविवार, १४ नोव्हेंबर.

मिश्राइनकडे सत्यनारायण. लाउडस्पीकर. विचार करता आला नाही.

रविवार, २१ नोव्हेंबर.

रविवारीही ड्यूटी लागली. गेटवर आता सगळ्यांचे डबे उघडून पाहतात. माझ्या डब्यात नुसत्या पोळ्या. शिपायाने पाहून झाकण पुन्हा लावलं.

मंगळवार, ३० नोव्हेंबर. संध्याकाळी पावणेआठ.

सर्वनाश.

विनीताताई म्हणाल्या, नागपूरच्या भगिनीसाठी जबलपूरच्या एका श्रोत्याचं फार सुंदर पत्र आलं आहे, ते पुढच्या मंगळवारी, सात तारखेला, संपूर्ण वाचू. ऐकायला विसरू नका.

चार वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली ती आता नको. साळवे मागेच म्हणाला होता, कार्यक्रम बंगळूरला महिनाभर आधी टेपवर भरतात, टेप परदेशात जाते, मग लागते. माझं ५२ नंबरचं पत्र पोचायच्या आत ती विमानात असणार. मला हे पटत नाही. कुठेतरी एखादा जबाबदार मनुष्य बसलेला असेलच, त्याला तार केली की काम होईल.

गुरुवार, २ डिसेंबर.

ड्यूटीवरून सरळ तार ऑफिस. इंग्रजीत तार केली, थोडक्यात आणि स्पष्ट: रिपोर्ट सत्तेचाळीस रद्द. सात तारखेला ट्रान्समिट करू नये. सरवटे. तारबाबूने माझ्या छातीवरचा फॅक्टरीचा बिल्ला वाचला, तार वाचली, पुन्हा बिल्ला वाचला. बसायला सांगितलं. मग म्हणाला, ठीक आहे, जाइए.

फार हलकं वाटलं. समोसा खाल्ला. आता सुहासिनीला निवांतपणे लिहिता येईल.

शनिवार, ४ डिसेंबर.

काल संध्याकाळी लढाई सुरू झाली. आज सकाळी दहाला मला सिक्युरिटीत बोलावलं. टेबलावर माझी तार. बाजूला माझ्या लॉकरमधून आणलेली रिपोर्टाची कच्ची वही. सगळीकडे आकडे, तारखा, ग्रीनिच वेळा.

ठाकुरसाहब म्हणून अधिकारी आहेत, मोठ्या मिशांचे. त्यांनी वहीवर बोट ठेवून विचारलं, हे सगळं काय आहे? मी समजावलं. जोर, लुडबुड, खरखर, चढउतार, एकंदर. ते ऐकत होते, पण पटत नव्हतं. मग त्यांनी तार उचलली.

“सात तारीख को क्या होने वाला है?”

मी म्हटलं, साहब, रेडिओवर माझी चिट्ठी वाचणार आहेत. चिट्ठीत काय आहे? मी म्हटलं, यही कि औरत घर वापस न जाए.

“किसकी औरत?”

पाच महिन्यांत मला हे कोणी असं सरळ विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मेरी.

नंतर सगळंच सांगितलं. मध्येच त्यांनी शिपायाला पाणी आणायला लावलं. मग चहा आला. ठाकुरसाहब म्हणाले, तार आता जाणार नाही, लढाईच्या दिवसांत असली तार कोणी पाठवणार नाही. रिपोर्टही बंद. नोकरीला धक्का नाही, जा. मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, सरवटेजी, ही तार भाभीजींनाच काहून नाही केली?

मी सेक्शनवर परत गेलो आणि उरलेला लॉट तपासला.

मंगळवार, ७ डिसेंबर. संध्याकाळी पावणेआठ.

ब्लॅकआउट. खिडक्यांना काळा कागद. रेडिओच्या दिव्याचाही उजेड नको म्हणून सेटवर ब्लँकेट, आणि ब्लँकेटखाली मी. मिश्राजी गल्लीतून ओरडून गेले, बत्ती बंद.

एवढं स्वच्छ स्टेशन चार वर्षांत लागलं नव्हतं. खरखर नाही, लुडबुड नाही. विनीताताई म्हणाल्या, जबलपूरहून श्री. अच्युत सरवटे लिहितात. माझं नाव! पूर्ण, जोडाक्षरांसकट बरोबर. खोटं कशाला लिहू, छाती भरून आली. पाटनचा रामकृष्ण ऐकत असेल असंही वाटून गेलं.

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. गार चहा. लिंबाची फोड. दहा गोष्टींतली एक. बाई फार छान वाचतात, एका ठिकाणी त्यांचाही आवाज बदलला. आणि शेवटी, परत जाऊ नका.

मग प्रार्थना झाली. डोळे मिटले. मोजलं काहीच नाही. देवाला म्हटलं, कोणाचाही असशील, आज नागपूरला खरखर होऊ दे. एखादं स्टेशन त्याच्यावर येऊन बसू दे. भानुमतीताईंच्या ट्रान्झिस्टरचे सेल संपू दे.

शुक्रवार, १० डिसेंबर.

शांतपणे विचार केल्यावर परिस्थिती तेवढी वाईट नाही. नागपूरलाही ब्लॅकआउट असेल, लोक बातम्या लावत असतील. सुहासिनीला डायल फिरवता येत नाही. तिथे नागपूरचं आकाशवाणी जवळ, त्याची लुडबुड भरपूर. शास्त्रीयदृष्ट्या ऐकू जाण्याची शक्यता कमी.

शिवाय ऐकलं असेल तरी ते पत्र तिला नव्हतंच. ते एका अनोळखी बाईला होतं.

हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. ते मला बरं वाटेना.

शुक्रवार, १७ डिसेंबर.

काल लढाई संपली. फॅक्टरीत पेढे वाटले, जीपवर बसून लोक ओमती चौकापर्यंत नाचत गेले. मलाही कोणीतरी गुलाल लावला. साळवेने मिठी मारली आणि म्हणाला, आता रजा उघडल्या, साहेब. मी म्हटलं, बघू, मार्चपर्यंत कामाचा ढीग आहे.

काळे कागद काढले. घरात उजेड आल्यावर धूळ दिसली, पुष्कळ.

सोमवारी अर्ज देतो. नक्की.

सोमवार, २० डिसेंबर.

अर्ज दिला! पाच दिवसांचा. कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना, ‘खासगी’ लिहिलं. तिथे जाऊन काय बोलायचं ते दोन दिवसांत ठरवतो. ती लगेच निघणार, हे उघड आहे. म्हणून परतीची तिकिटं दोन.

शुक्रवार, २४ डिसेंबर. दुपारी चार.

रजा मंजूर. साळवेने उद्या नाताळच्या जेवणाला बोलावलं होतं, त्याला सांगितलं, उद्या सकाळी नागपूरला निघतो. त्याला एवढा आनंद झाला की त्याने बायकोच्या हातचा केक बांधून दिला. म्हणाला, वहिनींना सांगा, आमच्याकडून.

घरी आलो तर सुहासिनीचं पत्र. लढाईत डाक अडकली होती, चौदा तारखेचा शिक्का आहे. पाकीट आहे, कार्ड नाही. दोन्ही बाजू वाचल्या. इथे उतरवून ठेवतो.

“मंगळवारी कार्यक्रम ऐकला. जबलपूरचं पत्र वाचणार म्हणून ताईने शेजारच्या बायकांनाही बोलावलं होतं. अगदी स्वच्छ ऐकू आलं. तुमचं नाव आलं तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पत्र फार सुंदर होतं. मी सगळ्यांसमोर रडले. ज्याने ते लिहिलं त्याने बोलावलं असतं तर मी पायी निघाले असते. पण त्यानेच जाऊ नका म्हणून सांगितलं, आणि त्याचं म्हणणं मला पटलं. लिंबाची फोड तुम्हाला दिसत होती, हे मला माहीत नव्हतं. दिसत होती तर अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं. मी इथे बालवाडीत जायला लागले आहे. सकाळची तीस मुलं एकदम बोलतात. बरं वाटतं. तुम्ही इकडे येऊ नका, निदान आत्ता नको. काही सांगायचं असेल तर मला लिहा. रेडिओला नको, मला.”

त्याच दिवशी, सव्वापाच.

नाक्यावरची पेटी सहाला उघडतात. एक तासापूर्वी कागद घेऊन बसलो.

ती चूक आहे असं लिहावं, तर सल्ला माझाच आहे, आणि चांगला आहे. आज पुन्हा मनातल्या मनात वाचला, एक शब्द बदलावासा वाटला नाही. ज्याच्याकडे परत जाऊ नका म्हटलं तो माणूस मी नाही, असंही लिहिता येत नाही. केक समोर ठेवलाय. दोन माणसांना पुरेल एवढा आहे.

मला तुझी आठवण येते, असं लिहायचं आहे. मला इथे एकट्याला राहवत नाही, असं लिहायचं आहे. इथे वहीत लिहिता आलं. तिकडच्या कागदावर ‘प्रिय सुहासिनीस’ एवढंच झालंय. त्या अनोळखी बाईला चार पानं एका बैठकीत लिहिली होती.

सहा वाजायला दहा कमी. अजून एकही ओळ झालेली नाही.